केतकी उमक यांची सावली

केतकी उमक वारली, पण तिची सावली घरीच राहिली.

दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनीही ते फारसं मनावर घेतलं नाही. शेजारच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "राहू दे की. कुणाचं काय खातेय?" सावलीचा खरंच काही त्रास नव्हता. सकाळी ती ओट्यामागच्या भिंतीवर असायची, दुपारी खिडकीपाशी, आणि जेवायच्या वेळी न चुकता निहिराच्या डावीकडे येऊन बसायची. ती बसल्याशिवाय निहिरा घास उचलत नसे.

निहिरा दहा वर्षांची. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणायचे. तिचा बाप हर्षल म्हणायचा, "पोरगी शिस्तीची आहे, एवढंच." हर्षल बसस्थानकावर उद्घोषक होता. कर्ण्यातून त्याचा आवाज ऐकत निहिरा मोठी झाली, आणि बोलायला शिकली तीही उद्घोषणांमध्येच. भूक लागली की "जेवण थोड्याच वेळात लागत आहे" असं कळवायची. आंघोळ नको असली की तांत्रिक कारणास्तव उशीर जाहीर करायची. उद्घोषणा दोनदा करायची असा स्थानकाचा दंडक आहे. त्यामुळे घरात पहिली उद्घोषणा निहिराची आणि दुसरी हर्षलची. दुसरी झाली नाही, तर ती जागची हलत नसे.

केतकी होती तेव्हा रोज संध्याकाळी लेकीला आपल्या पावलांवर उभी करून घरभर फिरवायची. ती गेल्यावर हर्षलनेही आपली पावलं पुढे करून पाहिली. निहिराने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं, "ही गाडी रद्द करण्यात आली आहे." दुसरी उद्घोषणा करताना हर्षलला रडू आलं होतं, पण त्याने ती केली.

तो काळ सावलीच्या टंचाईचा होता. दिवाळीचा फराळ संपायच्या आत ऊन तापायला लागायचं. झाडं वाळून गेली होती. वादळांनी गावातले पत्रे उडवून नेले, त्यात बसस्थानकाचं छप्परही गेलं. मग नगरपालिकेने सावली खातं उघडलं आणि ठराव केला की जिवंत माणसाच्या सावलीला हात लावायचा नाही, मयताची मात्र लोकांच्या उपयोगासाठी जमा करायची.

खात्याच्या निरीक्षक पुसदकर बाई घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि चहूकडे नजर टाकून म्हणाल्या, "उमक, या घरात माणसं दोन आणि सावल्या तीन आहेत."

"एक माझ्या बायकोची आहे."

"ते दिसतंय हो. पण स्टँडवर लोक भाजून निघतायत."

"ती नसली तर माझी पोरगी जेवत नाही, मॅडम."

पुसदकर बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ठराव पुन्हा आठवून पाहिला. "तशी तरतूद नाही," त्या म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांना बरं वाटत नव्हतं हे हर्षलला कळलं. दोन कामगारांनी सतरंजी गुंडाळावी तशी सावली हलक्या हाताने गुंडाळली आणि नेऊन फलाट क्रमांक तीनवर अंथरली. केतकी चांगली उंच होती. रांगच्या रांग तिच्यात मावली.

त्या रात्री निहिरा जेवली नाही. सकाळी दुधालाही तिने तोंड लावलं नाही.  हर्षल डबा आणि लेक दोन्ही घेऊन कामावर गेला.

फलाटाशी येताच निहिरा थांबली. तिने सावली ओळखली. तिच्यावर उभी असलेली माणसं पाहिली, त्यांच्या चपला पाहिल्या, आणि थेट उद्घोषणा कक्षात जाऊन माईकसमोर बसली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर माझी आई आहे. तिच्यावर पाय देऊ नये."

आणि ती वाट बघत बसली. नगरपालिकेच्या ठरावाविरुद्ध बोलायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, हे हर्षलला ठाऊक होतं. त्याने खिडकीतून फलाटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर निहिराची आई आहे. तिच्यावर पाय देऊ नये."

फलाटावर एकच धांदल उडाली. "अवं माय! मी त चपला घालून उभी होती!" असं म्हणत एका म्हातारीने वाकून सावलीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग सगळ्यांनीच पाय लागल्याचा नमस्कार केला आणि मुकाट्याने उन्हात जाऊन उभे राहिले.

पुसदकर बाई धावत आल्या. सावली मोकळी, आणि तिच्या कडेने लोक घामाने निथळतायत.

"उभे राहा ना सावलीत!"

"बाई मानूस हाये थे, मॅडम. पाय कसा द्यावा?" म्हातारी म्हणाली.

"अहो, ती नुसती सावली आहे."

"मंग तुमी द्या."

पुसदकर बाईंनी पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला. त्यांनी चप्पल काढून पुन्हा पाहिलं, तरी पाऊल खाली टेकेना. शेवटी त्यांनी वाकून नमस्कार केला आणि घसा खाकरला.

"वापरात नसलेली सावली सांभाळायची खात्यात तरतूद नाही. उमक, घेऊन जा."

हर्षल कक्षातून धावतच बाहेर आला, मागून निहिरा. कामगार सावली गुंडाळायला वाकले, तर ती आपणहून उभी राहिली. निहिराने चपला काढून बापाच्या हातात दिल्या. मग आधी उजवं, मग डावं, अशी आपली पावलं तिने सावलीच्या पावलांवर ठेवली.

"फलाट क्रमांक तीनवरून घराकडे जाणारी गाडी सुटत आहे," तिने जाहीर केलं.

कुणी हललं नाही. दुसरी उद्घोषणा व्हायची होती, कक्ष रिकामा होता, आणि हर्षलच्या तोंडून आनंदाने शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात कर्णा खरखरला. त्यातून पुसदकर बाईंचा आवाज आला.

"फलाट क्रमांक तीनवरून घराकडे जाणारी गाडी सुटत आहे."

आणि गाडी सुटली. डबा सांभाळत हर्षल मागोमाग निघाला.