रमाकांतचं इंग्रजी पारायण

गिरणीच्या संपाला वर्ष उलटलं, तेव्हा नायगावच्या चाळीतल्या रमाकांतने ठरवलं की आता गाण्याची आवड लावून घ्यायची. पोटासाठी माणसं काय काय करतात. हा गिरणीच्या ऑफिसात टाइमकीपर, आणि गेट बंद झाल्यापासून घरी बसलेला. दादरला शामराव नावाचे गृहस्थ रेकॉर्डी भाड्याने देत. त्यांना दुकानात कारकून हवा होता.

"ह्या इंग्लिश रॉकच्या रेकॉर्डी घेऊन जा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका आणि रविवारी सकाळी या. काय वाटलं ते मी विचारणार," असं म्हणून त्यांनी एक जड गठ्ठा त्याच्या हातात दिला. कव्हरांवर लांब केसांचे पुरुष होते. एकाने तर शर्टच घातला नव्हता. (त्याला रमाकांतने बसमध्ये हाताने झाकून धरलं.)

घरी प्लेअर नव्हता. तो मिळाला तळमजल्यावरच्या भिवाकडे, जो पूजेला आणि लग्नाला लाउडस्पीकर लावायचा. अडचण एकच. भिवाच्या मशीनचा आवाज फक्त भोंग्यातूनच निघायचा. भोंगा गॅलरीत बांधला, रेकॉर्डवर सुई टेकली आणि शेजारच्या राधाबाईंच्या हातातलं सूप तांदळासकट खाली आलं.

"गो कालिंदी, कोण रडता गो तुझ्या घरात?"

कालिंदी म्हणजे रमाकांतची बायको. नवऱ्याच्या नोकरीसाठी ती खोटंही बोलायला तयार होती. "ह्यांनी पारायण धरलंय," ती म्हणाली. "नोकरीसाठी. इंग्रजीतून आहे."

त्या एका वाक्याने चाळ गप्प झाली, पण रमाकांत पुरता अडकला. पारायण म्हटलं की नियम आले. पाट आला, समई आली. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं राधाबाईंनी जाहीर केलं आणि त्या स्वतः दारात ठाण मांडून बसू लागल्या. सुरुवातीला बिचाऱ्याला वाटलं, गिरणी बंद पडली ती आपल्या डोक्यात चालू झाली. मग हळूहळू मान हलायला लागली. पुढे तर एका गिटारला त्याच्या तोंडून चक्क "वाहवा" निघून गेलं, आणि त्याचा त्यालाच धक्का बसला.

रविवारी सकाळी शेवटची बाजू उरली. ती ऐकून तडक दादर गाठायचं, असा बेत होता. समाप्तीला अख्खी चाळ लोटली, शिऱ्याचा वास सुटला, आणि नेमकी शेवटच्या गाण्यात सुई अडकली. गाणारा एकच आरोळी पुन्हा पुन्हा ठोकू लागला. रमाकांत सुई उचलायला वाकला, तर राधाबाईंनी त्याचा खांदा दाबला.

"मधीच उठू नको. तो देवाच्या नामाक लागलो हा."

"अहो, सुई अडकलीय. मला नोकरीला जायचंय."

"उठलंस तर फळ जातला."

मागून टाळ सुरू झाले. सगळी गॅलरी त्या आरोळीवर डोलू लागली. दादरची वेळ टळत होती, हाताशी आलेली नोकरी चालली होती, आणि (सांगायलाही लाज वाटते) रमाकांतचा पाय ठेका धरत होता.

शेवटी शामरावच शोधत आले. (पत्ता विचारावा लागला नाही.) त्यांनी सुई उचलली, तसा चाळीने जयजयकार केला आणि शिरा वाटायला घेतला.

"काय, कसं वाटलं?" शामरावांनी विचारलं.

रमाकांतचे डोळे भरून आले. तो मनापासून बोलत सुटला. ती गिटार, ते ड्रम, त्या शर्ट नसलेल्या माणसाचं दुःख. शामरावांचा चेहरा मात्र उतरत गेला.

"आधीचा कारकूनही असाच होता," ते म्हणाले. "गिऱ्हाईक ताटकळतंय आणि हा डोळे मिटून डोलतोय. मला गाण्यात न रमणारा माणूस हवा. परीक्षा घेतो ती त्यासाठीच." मग ते कालिंदीकडे वळले. "वहिनी, तुम्हाला काय आवडलं?"

"मला?" कालिंदीने कानातून कापूस काढला. "मी काही ऐकलंच नाही."

"मग आत्ताचं माझं बोलणं कसं कळलं?"

"तोंडाकडे बघून. ह्यांचं बोलणंही मी इतकी वर्षं असंच ऐकते."

दुसऱ्या दिवसापासून कालिंदी शामरावांच्या दुकानात कामावर जाऊ लागली. रमाकांत घरी भात लावू लागला, पण त्या गिटारीशिवाय त्याला करमेना. शेवटी तो दादरला गेला, दुकानात रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर रेकॉर्ड मागितली.

"मेंबर व्हावं लागेल," कालिंदी वर न बघता म्हणाली. "ओळखीच्या माणसाची हमी लागते."

"तूच दे की. तू ओळखतेस ना मला."

कालिंदीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"ओळखते," ती म्हणाली, "म्हणूनच देत नाही."