काळूरामच्या चौदा रजा

प्रदीप ठाकूरने पनवेलला तीन महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स केला होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नव्हता. म्हणून १९९६ साली तळोज्याच्या त्या केमिकल कंपनीच्या टाइम ऑफिसात पहिला कंप्युटर आला, तेव्हा हजेरी त्यात चढवायचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. त्याने एकेका कामगाराची सहा महिन्यांची हजेरी एकेका चौकटीत भरली. हजर असला की 'पी', रजेवर असला की 'सी' आणि 'एल' अशी दोन अक्षरं.

"आता यातल्या रजा कोण मोजणार? मीच ना?" वीस वर्षं मस्टर सांभाळलेल्या वसुंधराबाईंनी पेन्सिल उचलली.

"बाई, ती पेन्सिल आता नातवाला द्या! आधी चौकटीतली सगळी अक्षरं मोजायची. मग रजेची काढून टाकायची आणि उरलेली मोजायची. वजाबाकी केली की झाल्या रजा!"

मिनिटभरात हिशेब तयार. आठच्या वर रजा घेणाऱ्या एकतीस जणांची यादी प्रदीपने मोठ्या ऐटीत गेटवर लावली. सर्वांत वर फिटर काळूराम घरत. रजा चौदा.

तिसऱ्या दिवशी काळूराम तणतणत आला.

"परदीप, ह्यो चौदा कुठून काढलास रं?"

"मी नाही, मशीनने काढलाय. मशीन खोटं बोलत नाही, काका."

"माजी बायको भामा बी त्येच बोलते! घरी नव्हतास तं कुठं व्हतास इचारते. दोन दिस झाले, चूल नाय पेटली माज्या घरात!"

दुपारपर्यंत गेटवर दोन कामगारांच्या बायका येऊन भांडून गेल्या. बेलपाड्याहून यादीतल्या शिवाची सासू आली, ती तर हलेचना. आत वसुंधराबाईंनी पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या मोजायला बसल्या.

"काळूराम, सात. शिवा, पाच. ठाकूर, तुमचं सगळं बरोब्बर दुप्पट आहे. एका रजेची दोन अक्षरं, तुम्ही अक्षरं मोजलीत. दोनाने भागायचं राहिलं."

धरणीने पोटात घ्यावं असं प्रदीपला झालं. एकतीस घरांत भांडणं लावली होती त्याने, ती दोनाने भागायला विसरल्यापायी! यादी फाडताना त्याला कुणाकडे वर बघवेना.

"माज्या घरी ये, मशीन चुकली येवढंच बोल," काळूराम म्हणाला. "आकडा-बिकडा नको सांगू."

पण शरमेने अर्धमेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. संध्याकाळी प्रदीप त्याच्या दारात उभा राहिला. भामा तांदूळ निवडत होती.

"काकी, चूक माझी आहे. काकांवर संशय घेऊ नका. चौदा रजा नाहीतच."

"बग! मी काय बोललो व्हतो?" काळूराम फुलला. "जा, चा ठेव."

प्रदीपने इथे थांबायचं की नाही? पण छे! त्याला पुरती भरपाई करायची होती. त्याने खिशातून कागद काढला.

"सातच आहेत. तारखांसकट आणल्यात. बाईंनी हाताने तपासल्यात."

भामाचा हात सुपात थांबला. "सात? घरी तं तीनच दिस व्हता. वाचा तारखा."

तिच्या पाठीमागे काळूराम दोन्ही हातांनी नको नको करत होता. प्रदीपला वाटलं, काका संकोचतायत.

"जानेवारीत एक, मार्चमध्ये दोन, आणि सहा ते नऊ मे."

"मे?" भामा उठलीच. "माज्या भावाची हळद व्हती सात मेला! कंपनी रजा देत नाय बोलून मला एकटीला धाडलास, आन् तू कुठं व्हतास?"

"उरणला... किरकेटचे सामने व्हते," काळूराम पुटपुटला. मग त्याने प्रदीपकडे पाहिलं. "चौदाच बरं व्हतं रं. मशीन खोटी हाय बोलून निभावलं असतं."

"तुमी बसा, सायेब," भामा म्हणाली. "तुमची मशीन लय खरी हाय."

तिने चहा केला, एकच कप. तो प्रदीपच्या हातात दिला. काळूराम दाराशी उभाच होता, आणि कप संपेपर्यंत प्रदीपची मान काही वर झाली नाही.