कोंबडा घातलेली बिअर

या खेपेच्या बिअरमध्ये कोंबडा घालायचा, असं डेस्मंड पिकर्सगिलने ठरवलं, तेव्हा घरात कोणाला विचारायची त्याला गरज वाटली नाही. विलायतेत साडेतीनशे वर्षांपूर्वी लोक अशी बिअर करत आणि आवडीने पीत. त्यांनी कुठे बायकांना विचारलं होतं?

यॉर्कशरच्या त्या चिमुकल्या गावात डेस्मंडची कीर्ती आधीच झाली होती. मागे त्याने राजेरजवाड्यांच्या काळातली मधाची दारू केली, तिच्या बाटल्या फुटल्या आणि शेजारणीने पोलीस बोलावले. (पोलिसांनी चव घ्यायला नम्रपणे नकार दिला.) पण आता रविवारी मुलीचे, पॉलीनचे, होणारे सासूसासरे जेवायला यायचे होते. व्याह्यांवर छाप पाडायची, तर साधी बिअर काय कामाची?

त्याने कोंबडा उकडला, हाडांसकट ठेचला, मनुका आणि जायपत्रीबरोबर फडक्यात बांधला आणि पुरचुंडी बिअरच्या पिंपात सोडून पिंप जिन्याखालच्या कपाटात ढकललं.

रविवारी त्याची बायको हिल्डा पिंपातून बिअरचे जग भरभरून आणत होती. व्याही क्लॉड व्हिटल यांनी पहिला घोट घेतला आणि मिशा पुसल्या.

"वा! पिकर्सगिल, ही घरी केलीत तुम्ही?"

"हात लागतो त्याला," डेस्मंड लाजत म्हणाला.

दुसरा ग्लास रिचवून व्हिटलनी मटणाची थाळी हलकेच दूर सारली. "मला नुसते बटाटे. वीस वर्षं झाली, मांसाला शिवलेलो नाही. कोंबडीचा तर वासही सोसत नाही."

हे पॉलीनने आईला आधीच सांगितलं होतं. डेस्मंडला काही सांगून उपयोग नसतो, याबद्दल घरात एकमत होतं.

डेस्मंड खुर्चीतून अर्धवट उठला. व्हिटलनी तिसरा ग्लास उचलला, तसा त्याने तो त्यांच्या हातातून हिसकावला आणि एका दमात संपवला.

"आंबलीय!" तो खोकत म्हणाला.

"छे हो, अमृत आहे! काय घालता यात?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. हे लग्न मोडलं तर पॉलीन जन्मभर तोंड बघणार नाही. आणि खोटं बोलायला तर डेस्मंडला कधीच जमलं नव्हतं.

"मनुका," तो म्हणाला. "जायपत्री. आणि... एक कोंबडा."

"बाबा!" पॉलीन किंचाळली. व्हिटल पांढरेफटक पडले आणि तोंडावर रुमाल धरून उठले.

"बसा हो, व्याहीबुवा," हिल्डा बटाटे वाढत म्हणाली. "कोंबडा कसला अन् काय! जिन्याखाली उंदीर मेलाय असं वाटून मी कपाट उघडलं. ते सगळं गुरुवारीच ओतून दिलं, पिंप घासलं आणि दुकानातली बिअर भरून ठेवली."

व्हिटल धपकन खाली बसले. पॉलीनचा जीव भांड्यात पडला.

"मग मला सांगितलं का नाहीस?" डेस्मंडने विचारलं.

"सांगणारच होते रे. पण काल तू पिंपातला घोट घेतलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, 'हिल्डा, कोंबडा काय उतरलाय बघ!' मग म्हटलं, राहू दे."

व्हिटलनी रिकामा ग्लास डेस्मंडसमोरून हिल्डाकडे सरकवला. "वहिनी," ते म्हणाले, "दुकान कोणतं?"