उत्स्फूर्तता साडेपाच वाजता

नवनगरात राहणाऱ्या प्रभंजन गलगलीला जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या शाळेकडून एक परिपत्रक आलं. मुलगी वेदश्री, वय वर्षे पाच, मोठा शिशुगट. शाळेचं नाव नवोन्मेष शिशुकुल. पालक पाल्यांशी पुरेसं खेळत नाहीत असं व्यवस्थापनाच्या निदर्शनास आलं असून, सबब यंदापासून प्रत्येक पालकाने रोज चाळीस मिनिटं पाल्यासोबत आनंदाने खेळावं व तसा अहवाल दर शनिवारी सादर करावा, असं त्यात म्हटलं होतं. आनंद न झाल्यास कारण लेखी कळवायचं होतं.

प्रभंजन धारवाडच्या एका सरकारी कचेरीत प्रथम दर्जा साहाय्यक होता. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने इतकी परिपत्रकं पचवली होती की एकाने काही बिघडणार नव्हतं. शिवाय खेळत तर तो रोजच होता. संध्याकाळी घरी आला की शर्ट खुंटीला लावून तो हॉलमध्ये पालथा पडायचा, वेदश्री त्याच्या पाठीवर बसायची आणि तो बस व्हायचा. ड्रायव्हर तीच, कंडक्टर तीच आणि सुट्ट्या पैशांवरून भांडणारी म्हातारीही तीच. "रायापूर! इळीरी इळीरी, उतरा लवकर!" असा पुकारा चाले. अमरगोळच्या थांब्यावर बस हटकून बंद पडे आणि काखेत गुदगुल्या केल्याशिवाय सुरू होत नसे. बायको श्रीलक्ष्मी रायापूरच्या हायस्कुलात गणित शिकवायची. ती स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, बस चहा घेणार का?" बस घ्यायची.

पहिल्या शनिवारी त्याने सरळ मनाने अहवाल लिहिला : 'मी आडवा पडलो. ती पाठीवर बसली. बस केली. आनंद झाला.'

सोमवारी अहवाल लाल शाईत न्हाऊन परत आला. उपक्रमाचं उद्दिष्ट नमूद नाही. विकसित झालेलं कौशल्य नमूद नाही. साहित्य निरंक. पालकाची भूमिका निष्क्रिय (आडवा). आनंद नेमका कोणाला झाला, याचा खुलासा व्हावा.

"मी आडवा असताना कागदावर आलो, हीच चूक झाली," प्रभंजन म्हणाला.

"चार ओळी वाढवून लिहा की," श्रीलक्ष्मी म्हणाली. "तुमच्या कचेरीत नसलेल्या विहिरींवर पानंच्या पानं लिहिता. असलेल्या पोरीवर लिहायला काय होतंय?"

बोलणं त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक फाइल उघडली, तिला दोरी बांधली, वर 'वेदश्री : आनंद' असं नाव घातलं आणि शाळेच्या मान्यताप्राप्त उपक्रमांच्या यादीप्रमाणे खेळायला सुरुवात केली. पहिला उपक्रम कडधान्यं वेगळी करण्याचा होता. ताटात मूग, मटकी आणि हरभरे मिसळून ठेवले. वेदश्रीने पाच मिनिटं मन लावून निवडले आणि सहाव्या मिनिटाला एक हरभरा नाकात घातला.

मग रिक्षा झाली, डॉक्टर झाले, चिमटा झाला. हरभरा निघाला तेव्हा श्रीलक्ष्मी बाकावर बसून रडत होती आणि वेदश्री डॉक्टरांना, "तो आता भिजवायचा का?" असं विचारत होती. प्रभंजन खरं बोलणारा माणूस. त्याने घडलं तसं लिहून दिलं. बुधवारी शाळेचं पत्र आलं : 'संवेदी अनुभव, धान्यपरिचय व वैद्यकीय क्षेत्राशी ओळख अशी तीन उद्दिष्टं एकाच उपक्रमात साधल्याबद्दल अभिनंदन. इतर पालकांनाही करून पाहता यावा म्हणून सविस्तर कृती पाठवावी. हरभरा काबुली की देशी, तेही कळवावं.'

त्या कौतुकाने घात केला. अठरा वर्षांत वरिष्ठांनी प्रभंजनला कधी 'अभिनंदन' हा शब्द लिहिला नव्हता. तो पेटला. पानांचे ठसे झाले, कणकेचे प्राणी झाले, मोजे ओढून बोटांच्या बाहुल्या झाल्या. प्रत्येक उपक्रमाचा फोटो लागायचा आणि फोटोसाठी नियम होते : मूल हसरं हवं, पालकाचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवेत आणि मागे वाळत घातलेले कपडे नकोत. पातळी जुळवण्यासाठी प्रभंजन गुडघ्यांवर चालायला शिकला. श्रीलक्ष्मी मोबाईल धरून म्हणायची, "वेदू, हस. अगं, तसं नको. मघाशी हसलीस तसं."

"मघाशी मला हसू आलं होतं," वेदश्री म्हणायची.

सगळं आटोपेपर्यंत अंधार पडायचा. मग हात धुता धुता वेदश्री विचारायची, "अप्पा, आता बस होतोस?"

"आता नको राणी. आज खेळून खूप दमलोय."

"आपण खेळलो?" ती खरोखरच आश्चर्याने विचारायची.

दिवाळीनंतर स्पर्धा वाढली. शेजारच्या गल्लीतल्या एका वकिलाने टाकाऊ पुठ्ठ्यांचं रेल्वे स्टेशन सादर केलं होतं, फलाटासकट. त्याचं मूल स्टेशनाला हात लावू नये म्हणून आठ दिवस आजोळी पाठवलं होतं. प्रभंजनची श्रेणी 'अ' वरून 'ब' वर घसरली. तेव्हा कुणीतरी सांगितलं की रायापूरला 'पालक क्रीडा-पूर्वतयारी वर्ग' सुरू झालाय, दर रविवारी दहा ते एक. नवरा-बायकोंनी एकत्र नावं घातली. वर्गात मुलांना प्रवेश नव्हता. त्यांच्यामुळे पालकांचं खेळण्यावरून लक्ष उडतं, असा अनुभव होता. वेदश्रीला शेजारच्या गोदूबाईंकडे ठेवायची सोय झाली.

गोदूबाई सत्तरीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "कुठं चाललात दोघं?"

"खेळायला शिकायला," प्रभंजन म्हणाला.

गोदूबाईंनी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अय्य! लहानपणी आजारी होतास काय रे तू?"

जानेवारीत शाळेने गृहभेटी जाहीर केल्या. मुख्याध्यापिका इंदुमती मॅडम आणि क्रीडा-समन्वयक सागर सर घरी येऊन पालक-बालक खेळाची उत्स्फूर्तता तपासणार होते. गलगलींची वेळ होती गुरुवार, सायंकाळी साडेपाच. उत्स्फूर्ततेचा कालावधी चाळीस मिनिटं, दहा मिनिटं अतिरिक्त.

आठवडाभर तालीम झाली. विषय ठरला भेंडीच्या ठशांचा. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून कागदावर फुलं काढायची, मध्येच वेदश्रीने म्हणायचं, "अप्पा, हे फूल तुझ्यासाठी," आणि प्रभंजनने चकित व्हायचं. चकित होणं त्याला जमत नव्हतं. श्रीलक्ष्मीने त्याला आरशासमोर उभं करून तीन संध्याकाळी सराव करून घेतला. गुरुवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'खेळ' लिहिलं, तर साहेबांनी ते खोडून 'पोटदुखी' केलं आणि मंजूर केली.

साडेपाचला बेल वाजली. सागर सर घड्याळ आणि तक्ता घेऊन कोचावर बसले. इंदुमती मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि त्या प्रेमाने म्हणाल्या, "आम्ही इथे नाहीच असं समजा. करा सुरू."

प्रभंजन गुडघ्यांवर बसला. रंग तयार होते, भेंड्या रांगेत होत्या. वेदश्री आली, तिने भेंड्यांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि सरळ जाऊन हॉलच्या मधोमध जमिनीवर पालथी पडली.

"वेदू?" श्रीलक्ष्मी दबक्या आवाजात म्हणाली.

"मी बस आहे," वेदश्री जमिनीला गाल लावून म्हणाली. "अप्पा दमतो ना रोज. आज मी बस होते. अप्पा, तू बस. हळू बस हं."

त्या इवल्याशा पाठीवर प्रभंजनला बसणं शक्यच नव्हतं, पण शेजारी आडवं पडता आलं असतं. बंद पडलेल्या दुसऱ्या बससारखं. त्याचा एक हात जमिनीवर टेकलासुद्धा. तेवढ्यात सागर सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि तक्त्यातला रकाना मोठ्याने वाचला, "पालकाची भूमिका..."

प्रभंजनने हात उचलला.

"वेदू," तो म्हणाला, "आधी भेंडी."

वेदश्री थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठली, फ्रॉक झटकला आणि भेंडी हातात घेतली. पस्तीस मिनिटं तिने एकही शब्द न बोलता ओळीत फुलं काढली. शेवटी "अप्पा, हे फूल तुझ्यासाठी" हे वाक्य ती कागदाकडे पाहत, पाढा म्हणावा तसं म्हणाली. प्रभंजन चकित झाला. या वेळी त्याला ते उत्तम जमलं.

अहवाल दुसऱ्याच दिवशी आला. 'पालक उत्साही. मूल शांत, एकाग्र, सूचना पाळणारं. सुरुवातीला दिसलेली खोडकर वृत्ती पालकाने कुशलतेने आटोक्यात आणली. श्रेणी : अ अधिक.' श्रीलक्ष्मीने तो दोनदा वाचला, घडी घालून फाइलीत ठेवला आणि नवऱ्याकडे न पाहता आत जाऊन भेंडीची भाजी फोडणीला टाकली. ती त्या दिवशी कुणी खाल्ली नाही.

पण श्रेणीची बातमी फिरली. शाळेने प्रभंजनला 'आदर्श क्रीडाशील पालक' जाहीर केलं आणि मार्चमध्ये हुबळीच्या एका सभागृहात त्याचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'मुलांमध्ये मूल होताना'. रविवारची सकाळ. निघताना वेदश्री दारात उभी होती.

"अप्पा, कुठं चाललास?"

"मुलांशी कसं खेळायचं ते सांगायला."

"कुणाला?"

"मोठ्या माणसांना."

"आणि मुलं?"

"मुलं नाहीत येत. गोंधळ होतो."

वेदश्रीने मान डोलावली. तिला पटलं असावं, कारण ती स्वतःच गोदूबाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

सभागृह खचाखच भरलं होतं. मागे भिंतीला टेकून लोक उभे होते. प्रभंजन तासभर बोलला. मुलाला वेळ द्या, म्हणाला. मोबाईल बाजूला ठेवा, म्हणाला, आणि ते वाक्य अडीचशे मोबाईलनी टिपून घेतलं. नाकातल्या हरभऱ्याला हशा मिळाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. शेवटी प्रश्नोत्तरं झाली, ती इतकी रंगली की एकचे दोन वाजले. रोजची चाळीस मिनिटं सलग हवीत की दोन हप्त्यांत चालतात, हा प्रश्न तिसऱ्या रांगेतून आला होता.

प्रश्न चांगला होता. तो तुम्हीच उभं राहून, वहीत पाहून विचारलात. उत्तरही व्यवस्थित उतरवून घेतलंत. फक्त मधे दोनदा फोन वाजला तेव्हा तुम्ही तो कापलात, आणि शेजाऱ्याने सहज विचारलं तेव्हा हसून म्हणालात, "काही नाही हो, घरून पोरगं विचारतंय, कधी येता म्हणून."