पूजलेला लॅपटॉप

जगदेवरावांच्या घरी खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. पूर्वज फौजेत होते. आता शस्त्रांत उरली होती एक बोथट तलवार आणि सुपारीचा अडकित्ता. यंदा त्यांच्या शेजारी लेक अवंतिकाचा लॅपटॉप मांडला गेला. पुण्याच्या कंपनीचं काम ती ग्वाल्हेरला, थाटीपुरातल्या घरी बसून करायची. लेकीला घरी ठेवणारं शस्त्र म्हणून त्याला हळदकुंकू जरा सढळ हातानं वाहिलं, आणि अक्षता तलवारीपेक्षा मूठभर जास्तच पडल्या.

दसरा झाला आणि ऐन मीटिंगमध्ये लॅपटॉप घरघरला, तापला, बंद पडला.

"बाबा, हा अपने-आप बंद होतोय!"

"नजर लागली," जगदेवराव म्हणाले आणि त्यांनी त्यावर अंगारा फुंकला.

मग तो रोजच बंद पडू लागला. अवंतिकाच्या आईनं, सुधाताईंनी, मीठ-मोहरी घेऊन त्याची दृष्ट काढली. मुठीतून थोडी मोहरी निसटली, पण मनात भाव होता. तरीही तो तापतोच म्हटल्यावर जगदेवरावांनी त्याला देवघरातलं मखमली आसन दिलं. आसनावर तो पाच मिनिटंही टिकेना.

शेवटी कंपनीनं कळवलं, घरून जमत नसेल तर सोमवारपासून ऑफिसात या.

"नवीन घेऊन टाकते," अवंतिका म्हणाली.

"पूजलेलं शस्त्र असं टाकत नाहीत! दुरुस्त करू."

"मग मी पुण्याला निघते. तिथे ऑफिसचा मिळेल."

जगदेवरावांना त्या रात्री घास उतरेना. लेकीशिवाय घर खायला उठणार होतं. सकाळी तिघं नया बाजारातल्या हेमेंद्रच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात हजर झाली.

हेमेंद्रनं लॅपटॉप न उघडताच निकाल दिला. "अंकल, उमर हो गई इसकी. नया ले लो."

"आधी खोलो तर!"

त्यानं खालचं झाकण काढलं आणि तो बघतच राहिला. पंख्यात कुंकू-अंगाऱ्याचा लगदा बसला होता, पात्यांत अक्षता अडकल्या होत्या आणि कोपऱ्यात मोहरी घरंगळत होती.

"अंकल, ये लैपटॉप है कि मंदिर?"

अवंतिकानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी सुधाताईंकडे पाहिलं.

"माझी फक्त मोहरी," सुधाताई म्हणाल्या. "बाकीचं तुमचं."

साफसफाई झाली, पंखा गरगर फिरला, पुणं टळलं. अवंतिकानं एकच अट घातली: याची पूजा पुन्हा नको.

जगदेवरावांनी शब्द पाळला. पुढच्या खंडेनवमीला लॅपटॉप तिच्याच टेबलावर राहिला. मीटिंग सुरू व्हायच्या आधी ते ताम्हण घेऊन दाराशी आले.

"बाबा, अट!"

"त्याला नाही लावत. चालवणारीला लावतो."

त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर मूठभर अक्षता टाकल्या. अवंतिकाला भरून आलं. डोळे पुसत ती घाईनं मीटिंगसाठी पुढे वाकली आणि केसांतल्या अक्षता टपटप कीबोर्डवर पडल्या.

जगदेवराव ताम्हण सांभाळत, पाय न वाजवता, देवघराकडे निघून गेले.