बोट लागलं की वजन वाढतं

अनपट साहेब कुणाशीही हात मिळवत नसत. समोरच्यानं हात पुढे केला की ते आपले दोन्ही हात पाठीमागे नेत, कमरेतून जरासे वाकत आणि म्हणत, "नमस्कार पोचला." नवा माणूस हात तसाच हवेत धरून उभा राही. मग साहेब त्याला कारण सांगत, "राग मानू नका. बोट लागलं की वजन वाढतं."

हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा तरी म्हणत. सांगलीच्या ज्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते, तिचं काम कारखान्यांतले तराजू तपासण्याचं. त्यासाठी प्रमाण वजनांची एक पेटी होती. आत लाल मखमल, मखमलीत खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक वजन. सगळ्यात लहान वजनं पातळ पत्र्याची, बोटाच्या नखाहूनही लहान, एक कोपरा वर वळवलेली. ती चिमट्यानंच उचलायची. बोट लागलं तर बोटाचा घाम आणि तेलकटपणा त्यावर बसतो, आणि तेवढ्यानं ते वजन खोटं ठरतं. हे खरंच आहे. साहेबांनी फक्त ते सगळ्या जगाला लावलं होतं. पेपर ते कडेला धरून वाचत. बाळ बघायला गेले तर पाळण्यापासून दोन हात लांब उभे राहत. ऑफिसातल्या एका लग्नात त्यांनी अक्षतासुद्धा चिमट्यानं टाकल्या असं सगळे सांगत. मी ते पाहिलेलं नाही, पण पेनाशेजारी खिशात त्यांचा एक चिमटा कायम असे, तो मी पाहिला आहे.

"बावीस वर्षं झाली, ऐवळे," ते मला म्हणत, "पेटीतल्या एका वजनाला माझं बोट लागलेलं नाही."

ऐवळे म्हणजे मी. दोन हजार चारच्या आसपास मी पॉलिटेक्निकला होतो आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी साहेबांच्या हाताखाली आलो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडिलांचं जतच्या स्टँडसमोर पंक्चरचं दुकान. पोरगा वजनं तपासतो, एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी ते सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. परिणाम असा झाला, की मी सुट्टीला गेलो की बाजारपेठेतले दोन किराणा दुकानदार मला बघून तराजू पुसायला लागत. मी त्यांना खरं काय ते सांगायला हवं होतं. पण वडील इतके खूश होते, की माझी हिंमत झाली नाही.

हिंमत न होणं हा माझा जुनाच आजार आहे, आणि पुढची गोष्ट त्यावरच आहे.

माझ्या आधीच्या प्रशिक्षणार्थ्यानं पाच ग्रॅमचं वजन हातानं उचललं होतं. साहेबांनी त्याला त्याच दिवशी परत पाठवलं. दाखला मिळाला नाही, त्याचं वर्ष गेलं. ही हकिगत मला पहिल्याच दिवशी शिपायानं सांगितली, तीही हसत हसत. तेव्हापासून चिमटा धरण्याआधी मी हात दोनदा पँटला पुसत असे. आणि चिमटा तर मलाच धरावा लागे. बारीक वजनं उचलायचं सगळं काम साहेब माझ्याकडून करून घेत. "शिका. हात बसला पाहिजे." नोंदवहीही मीच लिहायची. "अक्षर सुधारेल." ते स्वतः हात मागे बांधून शेजारी उभे राहत. चहा आला की म्हणत, "अर्धाच द्या." चहावाल्यानं पेला भरून दिला तर तो तसाच परत जाई.

गणपती नुकतेच उठले होते. आम्ही तीन दिवसांच्या कामाला पुण्याजवळ पिरंगुटला गेलो होतो. बुधवारी एक कारखाना झाला. शुक्रवारी औषधांच्या कारखान्यातला बारीक तराजू तपासायचा होता. मधला गुरुवार रिकामा, कारण गुरुवारी तिथल्या कारखान्यांची वीज बंद असते. मी मनात ठरवलं होतं की लॉजवर झोपून काढायचा. सकाळी साहेब दारात उभे.

"ऐवळे, मुळशीकडे फुलपाखरांची बाग आहे म्हणतात. चला."

"पेटी, साहेब?"

"पेटी बरोबर. लॉजवर ठेवायला ती काय सतरंजी आहे?"

मुळशीच्या एसटीत मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. पौडच्या पुढे दोन्ही बाजूंना भात गुडघाभर उभा होता आणि रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला साहेब पेटीकडे बघत आणि मी साहेबांकडे.

बाग म्हणजे एका रिसॉर्टच्या मागे जाळी लावून केलेली मोठी खोली होती. आत घाणेरी, पानफुटी, कढीपत्त्याची झाडं, आणि ताटांत ठेवलेली काळी पडलेली केळी. राखणीला हौसाबाई नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या, गावातल्याच. दारावर पाटी होती, 'फुलपाखरांना हात लावू नये.' साहेबांनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"का हो बाई, हात का लावायचा नाही?"

"पंखाची भुकटी निघतीया. मग त्येला उडता येत न्हाई."

"म्हणजे यांचं वजन कमी होतं!" साहेब माझ्याकडे वळले. "ऐकलंत? आपलं वाढतं, यांचं कमी होतं. नियम तोच."

हौसाबाईंनी मला विचारलं, "ह्ये बरं हायेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

"हात लावू नगा, पर हात पुढं धरा," बाईंनी त्यांना सांगितलं. "त्येच्या मनात आलं तर बसंल."

साहेबांनी विचार केला. मग पाठीमागचा उजवा हात बाहेर काढला आणि एक बोट पुढे केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक मोठं काळं फुलपाखरू, पंखांवर निळसर झाक असलेलं, कुठून तरी आलं आणि त्या बोटावर बसलं. त्याचे पंख सारखे थरथरत होते.

"भेलंय ते," हौसाबाई म्हणाल्या.

साहेबांनी हळूच बोट खाली घेतलं, फुलपाखरू उडालं, आणि हात खिशात गेला. मग ते एकटेच पलीकडच्या टोकाला चालत गेले.

हौसाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "त्यात काय हाय वो? मगाधरनं पोटाशी धरून बसलाय. दागिनं हायेत व्हय?"

मी नको म्हणायला हवं होतं. पेटी कामाच्या टेबलाशिवाय उघडायची नाही, हा नियम मला पाठ होता. पण मला आजवर कुणी माझ्या कामाबद्दल असं कौतुकानं विचारलं नव्हतं. मी पेटी उघडली. बारीक वजनांवरची काच सरकवली, चिमटा घेतला आणि दहा मिलिग्रॅमचा तो पत्रा उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"एवढंसं? आन त्यापायी एवढी पेटी?"

मी हसून काही सांगणार, इतक्यात कानाला काही तरी मऊ, फडफडतं असं लागलं. मी दचकलो. सांगायला लाज वाटते, पण मी एका फुलपाखराला घाबरलो. हात हलला. चिमटा हातात राहिला, त्यातला पत्रा गेला.

मी पेटी मिटली आणि गुडघ्यांवर बसलो. हौसाबाईही पदर खोचून खाली बसल्या. "हितंच असंल. कुटं जातंय?" आम्ही पानं उलटली, माती चाचपली, केळ्यांच्या ताटाखाली बघितलं. तो पत्रा एका फुंकरीनं उडतो. तिथं शंभर पंख वारा घालत होते.

वडिलांचं दुकान माझ्या डोळ्यांसमोर आलं. तो शिपाई हसताना दिसला. गेलेलं वर्ष दिसलं. हौसाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो मी तसाच बाजूला ठेवला आणि पुन्हा माती चाचपू लागलो.

"सांगून टाका की त्येनला. खातील व्हय?"

"नको, नको. तुम्ही पण बोलू नका, मावशी. पाया पडतो."

साहेब पलीकडे कढीपत्त्याच्या झाडावर वाकून उभे होते, आमच्याकडे पाठ करून. फार वेळ उभे होते. अळ्या बघत असतील असं मला वाटलं. ते वळले तेव्हा मी पेटी पोटाशी घेऊन उभा होतो आणि माझ्या गुडघ्यांना माती होती. त्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं.

"काही सांगायचंय का, ऐवळे?"

"नाही, साहेब."

"काहीच नाही?"

"नाही."

त्यांनी पेटीकडेही एकदा पाहिलं. मग म्हणाले, "चला."

बाहेर टपरीवर त्यांनी अर्धा चहा घेतला. मी दोनदा तोंड धुवायला मागे गेलो, पेटी त्यांच्याजवळ ठेवून. परतीच्या एसटीत ते आणखी एकदा म्हणाले, "गप्प आहात." मी म्हणालो, "गाडी लागते." मला गाडी लागत नाही. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी औषधांच्या कारखान्यात बागवान मॅडम आमची वाट बघत होत्या. तिथल्या तपासणी विभागाच्या त्या प्रमुख. साहेबांना बऱ्याच वर्षांपासून ओळखत. "या, या, नमस्कार पोचला!" त्या लांबूनच म्हणाल्या, आणि त्यांच्या हाताखालच्या मुली हसल्या. तराजू काचेच्या कपाटात होता. मी पेटी टेबलावर ठेवली. आता उघडावी लागणार होती. मी झाकणाला हात लावला, आणि तोंडातून शब्द बाहेर आलेच, "साहेब, काल मी—"

"उघडा," साहेब म्हणाले.

मी उघडली. दहा मिलिग्रॅमच्या खाचेत दहा मिलिग्रॅमचं वजन होतं.

मी डोळे मिटून पुन्हा उघडले. तेच होतं. एक कोपरा वर वळलेलं. क्षणभर वाटलं, कालचं सगळं मला भास झाला. मी चिमटा पुढे नेला, तसे साहेब म्हणाले, "ते नको. बाकीची घ्या. ते आज चालणार नाही."

"का हो?" मॅडमनी विचारलं.

"माझं बोट लागलंय."

सगळ्या थांबल्या. मॅडमना वाटलं साहेब विनोद करताहेत. "तुमचं बोट? अनपट साहेबांचं? बावीस वर्षांनी? तारीख लिहून ठेवा गं!"

"लिहितो ना," साहेब म्हणाले. "मीच लिहितो."

त्यांनी माझ्याकडून नोंदवही घेतली आणि पेन उघडलं. सहा महिने होत आले होते, मी त्यांना लिहिताना पहिल्यांदा पाहत होतो. 'दहा मि.ग्रॅ. माझे बोट लागले. पुन्हा तपासणे जरूर.' एवढंच लिहायला त्यांना फार वेळ लागला. डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला होता. तरी ओळ वर गेली, खाली आली, 'लागले'चा काना शेजारच्या रकान्यात शिरला. मुली हसायच्या थांबल्या. बागवान मॅडम एकदम म्हणाल्या, "चहा सांगते," आणि स्वतःच उठून गेल्या. जाताना मला ऐकू आलं, "साहेबांना अर्धाच द्या."

काम संपलं. तेवढी एक नोंद राहिली, तिच्यासाठी पुन्हा यावं लागणार होतं, आणि का यावं लागणार ते सांगलीत लेखी द्यावं लागणार होतं. स्टॉपवर आम्ही पुण्याच्या बसची वाट बघत उभे होतो. मी म्हणालो, "साहेब, ते कढीपत्त्यावर होतं का?"

"पानाच्या देठाशी. लांबूनच चमकलं."

"चिमटा तर तुमच्या खिशात होता."

ते रस्त्याकडे बघत होते.

"चार वेळा धरलं," ते म्हणाले. "चारही वेळा सुटलं. पाचव्यांदा खाली मातीत गेलं असतं. मग घेतलं बोटानं."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून. आधी फक्त सकाळी व्हायचं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"डॉक्टर कागद देतात, ऐवळे. कागद ऑफिसात जातो. मला दुसरं काही येत नाही." मग म्हणाले, "काल तुम्ही बोलला असता तर बरं झालं असतं. मग मीही बोललो असतो. दिवसभर वाट बघितली."

मी त्या माणसाला सहा महिने घाबरलो होतो, आणि तो सहा महिने माझ्या हातांच्या आडोशानं उभा होता. बस आली. चढताना त्यांचा उजवा हात दांडी धरायला गेला आणि चुकला. मी तो धरला. त्यांनी ओढून घेतला नाही.

"ऑफिसात विचारतील," ते बसल्यावर म्हणाले. "बोट का लागलं म्हणून."

"मी पेटी नको तिथं उघडली म्हणून," मी म्हणालो. "ते मी लिहून देतो. माझं अक्षर सुधारलंय."

ते हसले नाहीत, पण त्यांनी हात खिशात घातला नाही. चांदणी चौक येईपर्यंत तो त्यांच्या गुडघ्यावर उघडा थरथरत होता, आणि मी त्याच्याकडे न बघता बघत होतो. तेव्हा मला ते काळं फुलपाखरू आठवलं. हौसाबाई म्हणाल्या होत्या ते भेलंय, आणि मलाही तसंच वाटलं होतं. ते बिचारं अगदी निवांत बसलं होतं.