निरंकभाऊ

गोविंदाभाऊ शेंडे यांना "जेवण झालं का?" असं विचारलं, की ते "निरंक" म्हणतात. सरकारी नोंदवहीतला शब्द, शून्य या अर्थाचा; म्हणजे झालेलं नाही. चहात साखर किती घालू? निरंक. घरी पाहुणे कोण आलेत? निरंक. एकदा गडचिरोलीच्या बसमध्ये कंडक्टरने त्यांना "काका, सामान?" असं विचारलं. भाऊंनी सवयीने उत्तर दिलं. कंडक्टरला ते गावाचं नाव वाटलं. ही गाडी तिकडे जात नाही, असं सांगून तो भाऊंना खाली उतरवायला निघाला होता.

आमच्या गावामागे एक टेकडी आहे आणि टेकडीवर हवामानाची छोटीशी वेधशाळा. वेधशाळा म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीतरी भव्य येतं, म्हणून सांगून टाकते. दोन खोल्या, झडपांची एक पांढरी पेटी, पाऊस मोजायचं एक नळकांडं, वारा दाखवणारा बाण आणि गोविंदाभाऊ. रोज सकाळ-संध्याकाळ ते पेटी उघडतात, पारा पाहतात, नळकांड्यातलं पाणी मोजतात आणि वरच्या कार्यालयाला कळवतात. मी टेकडीच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. माहेर वरोऱ्याचं. बदली होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात भाऊ रक्तदाब तपासायला आले.

मी पट्टा बांधला, हवा भरली, पारा पाहिला आणि म्हटलं, भाऊ, बीपी वाढलंय. भाऊंनी माझ्याकडे, मग पाऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही उभ्यानं पाहून राह्यल्या. वरून पाह्यलं का पारा जास्त दिसते. मले बीपी नाई, तुमचा डोळा वर आहे."

मी खुर्ची ओढून बसले, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला आणि पुन्हा मोजलं. वाढलेलंच होतं. भाऊंना त्याचं काही वाटलं नाही. मोजणं बरोबर झालं याचंच त्यांना समाधान. गोळ्या घेऊन ते खुशीत टेकडी चढून गेले.

हे गुडघ्यात वाकून डोळा रेषेत आणणं त्यांच्या अंगातच मुरलंय. किराणा दुकानात ते तराजूसमोर वाकतात. बसची पाटी उंचावर असते म्हणून तिथे टाचा वर करतात. लहान मुलाशी बोलायचं तर आधी त्याच्याएवढे होतात आणि मगच नाव विचारतात. त्यामुळे गावातली पोरं त्यांना आपल्यातलंच समजतात आणि त्यांच्या टोपीवर हक्क सांगतात.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हवामानखात्याचा हा माणूस हवामानाबद्दल काही सांगत नाही. शेतकरी विचारतात, भाऊ, पाऊस कधी येते? भाऊ म्हणतात, "आला का सांगतो." लग्नघरची माणसं मांडवाचं विचारायला येतात, तर त्यांनाही तेच. मी मोजणारा माणूस आहे, सांगणारे दुसरे असतात, हे त्यांचं म्हणणं. पोरीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सगळ्या नातलगांनी "वर्षा" सुचवलं, बापाच्या नोकरीला शोभेल म्हणून. भाऊंनी साफ नकार दिला. पोर भर वैशाखात जन्मली, त्या दिवशी पाऊस निरंक, मग खोटी नोंद कशाला करायची? नाव ठेवलं वैशाली.

उन्हाळ्यात तर त्यांच्यावर मोर्चेच येतात. आमच्या भागात माणसाला स्वतःच्या उन्हाचा फार अभिमान. टीव्हीवर चंद्रपूरचं नाव सगळ्यात वर दिसलं, की इकडे लोक घामाने निथळत टाळ्या वाजवतात. पण आपल्या गावाचा आकडा चंद्रपूरपेक्षा कमी, म्हणजे अपमानच. एका मे महिन्यात सरपंचांचा मुलगा चार जणांना घेऊन टेकडीवर गेला. त्याच्या मोटारसायकलवर उन्हाचा भलताच मोठा आकडा दिसत होता, आणि भाऊ गावाचं तापमान दाबून ठेवतात असा त्याचा आरोप होता. भाऊंनी त्याला समजावलं, की गाडीचा काटा उन्हात तापतो, मी सावलीतली हवा मोजतो. शेवटी तो तडजोडीवर आला, दोन डिग्री तरी वाढवा म्हणाला. भाऊंनी त्याला माठातलं पाणी पाजलं आणि खाली पाठवलं.

एकदा भाऊ तापाने आजारी होते, तेव्हा बदली माणसाने एका कोरड्या दिवसाची नोंद तशीच मोकळी सोडली. पाऊसच नव्हता, तर लिहायचं काय? भाऊ अंगात ताप असताना माझ्यासमोर त्याच्यावर चिडले. मला कळेना, यात एवढं काय झालं. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "निरंक म्हणजे पाह्यलं, पण पाऊस नव्हता. कोरं म्हणजे कोणी पाह्यलंच नाई. लय फरक आहे, बाई."

मी मान डोलावली आणि तापाची गोळी पुढे केली. फरक मला नंतर कळला.

भाऊंची बायको वैशाली लहान असतानाच गेली. पोर त्या टेकडीवरच वाढली. पेटीच्या झडपांवर तिने बाराखडी गिरवली आणि वाऱ्याच्या बाणाला राखी बांधली. लग्न होऊन ती भामरागडकडच्या एका खेड्यात गेली. मध्ये नाले, पावसात रस्ता बंद. तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरीच होणार हे ठरलेलं होतं. आई नाही, म्हणून सगळं मी बघेन असं मी भाऊंना सांगून ठेवलं होतं, आणि आठवा लागला की लगेच आणा, असंही बजावलं होतं. भाऊंनी खोली सारवून घेतली, डिंक आणला, मेथ्या आणल्या, आणि बाळंतिणीच्या खाटेशेजारी भिंतीवर एक थर्मामीटर टांगला. तो टांगताना तीनदा गुडघ्यात वाकून पाहिलं.

पण वैशाली पोळ्यासाठी थांबली. नवऱ्याने त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची बैलजोडी घेतली होती आणि तिला तिच्या हाताने ती पुजायची होती. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी निघते, म्हणाली. पोळा चांगला गेला. संध्याकाळपासून झड लागली. विदर्भातली झड म्हणजे आभाळाला भोक पडल्यासारखं, दिवसरात्र एकच धार. नाल्यांना पूर आला, रस्ता बंद झाला, आणि तिकडचा टॉवरही बंद पडला.

भाऊ रोज टेकडीवरून उतरले की मी विचारायची, फोन? ते म्हणायचे, निरंक. दुसऱ्या दिवशी निरंक. तिसऱ्या दिवशीही. त्या शब्दाला हसणारं गाव आता तो ऐकून गप्प व्हायला लागलं. मला रात्री झोप लागेना. मी बाळंतपणं केलेली बाई, काय काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. भाऊंनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एका दुपारी राहवलं नाही म्हणून मी वर गेले. टेकडीवर रेंज फक्त पाऊस मोजायच्या नळकांड्यापाशी येते. भाऊ तिथे उभे होते. हातात छत्री होती, पण ती फोनवर धरलेली. स्वतः नखशिखांत भिजलेले. ज्या पावसाने पोरीची वाट अडवली तो पाऊसही ते काटेकोर मोजत होते, थेंब कमी न करता. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही खोलीत जा, फोनपाशी मी थांबते. ते हलले नाहीत.

"तिनं विचारलं होतं, बाबा, पोळ्यानंतर उघडीप राहील का," ते म्हणाले. "मी म्हटलं, राह्यते. जन्मात एक अंदाज सांगतला मी, तो पोरीले."

"काऊन सांगितलं, भाऊ?" मीही नकळत त्यांच्या बोलीत गेले.

"तिचा आवाज लय खुशीत होता." त्यांनी फोनवरची छत्री सरळ केली. "तुमाले रोज निरंक सांगतो, बाई, पण कोरं नाई ठेवलं मी. पाहूनच राह्यलो."

मी त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि माझी छत्री त्यांच्यावर धरली.

झड ओसरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ टेकडीवरून धावत खाली आले. गोविंदाभाऊंना धावताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे टेकडीवरून माणूस धावत आला, की त्याचा एकच अर्थ निघतो. किराणावाल्याने शटर ओढलं, बायकांनी पोरं आत घेतली, मी ओसरीवरच्या पेशंटना आत ढकललं आणि दार लावायला गेले, तर भाऊ दारात. धाप लागलेली, टोपी कुठेतरी पडलेली.

"वाघ कुठी आहे?" आतून कुणीतरी विचारलं.

भाऊंनी तिकडे लक्षच दिलं नाही. "नोंद आहे, बाई," ते म्हणाले.

तिकडच्या गावकऱ्यांनी वैशालीला डोंग्यात बसवून नाला पार करून दिला होता. तिथली आशा सेविका सोबत होती. पलीकडच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघीही सुखरूप. टॉवर मात्र त्या सकाळी सुरू झाला, म्हणून कळायला उशीर. हे सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. बाळाचं वजन घेणाऱ्याचा डोळा काट्याच्या रेषेत होता का, असं त्यांनी जावयाला फोनवर विचारलं होतं म्हणे. मी तिथेच पायरीवर बसले. किराणावाल्याने शटर वर केलं आणि वाघ निघाला नाही या आनंदात गावभर गूळ वाटला.

सव्वा महिन्याने वैशाली बाळाला घेऊन आली. मी बाळाला काट्याच्या झोळीत ठेवलं. भाऊ सवयीप्रमाणे गुडघ्यात वाकले, डोळा रेषेत आणला आणि तसेच राहिले. काही वाचेनात. मी म्हटलं, भाऊ, किती? त्यांनी मान हलवली.

"तुम्हीच वाचा, बाई. आज मले बरोबर दिसून नाई राह्यलं."

मी वाचलं. वजन छान वाढलं होतं. वैशाली बाळाला दुपट्यात गुंडाळून अंगणात आली, आणि बाबा, घरी पोचेपर्यंत पाऊस तर येणार नाही ना, असं तिने सहज विचारून टाकलं.

भाऊंनी वर पाहिलं. आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता, ऑक्टोबरचं ऊन नुसतं चमकत होतं. त्यांनी छत्री उघडली, लेक आणि नात दोघींवर धरली, आणि स्वतः उन्हातून चालायला लागले.